पुढच्या दगडावरची हजेरी

दुष्काळात कळंबकडच्या वाशीजवळ पाझर तलावाचं काम निघालं आणि मी तिथं हजेरी कारकून झालो. दिवसभर छत्रीखाली खुर्चीत बसायचं आणि रांगेतून येणाऱ्या मजुरांचे अंगठे मस्टरवर घ्यायचे. पाय सुजायला लागले. कळंबच्या डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. दोन दिवस चाललो आणि सोडून दिलं.

दगड फोडणाऱ्यांत एक म्हातारी होती. तिचं नाव आता आठवत नाही, चिरा पडलेला अंगठा आठवतो. एकदा माझ्या पायांकडं बघत तिनं विचारलं, "साहेब, घरी तरी चालता का?"

"कंटाळा येतो, मावशी."

दुसऱ्या दिवशी ती रांगेत आलीच नाही. लांब एका दगडावर बसून राहिली.

"गैरहजर लावू का?" मी ओरडलो.

"लावा की! न्हायतर इथं या."

तिची दिवसाची मजुरी बुडाली असती. चरफडत मस्टर घेऊन गेलो. त्यानंतर ती रोज आणखी पुढच्या दगडावर बसायची. महिन्याभरात तलावाच्या बांधाचं टोक आलं, तेव्हा पायांची सूज उतरली होती आणि मला दम लागत नव्हता.

"सरळ सांगायचं ना, मावशी," मी म्हणालो.

अंगठ्याची शाई पदराला पुसत ती म्हणाली, "डागदरनं सांगितलंच व्हतं की. मानूस सांगून चालत न्हाय, साहेब. कुनीतरी वाट बघत असलं की चालतो."

काम बंद झालं, ती कुठं गेली कळलं नाही. मी अजून रोज बांधाच्या टोकापर्यंत जातो. तिथला तिचा दगड रिकामाच असतो. कितीही दमलो तरी मी त्यावर बसत नाही.