तिचं दुखणं माझ्या नावावर

मला पोटाचा कॅन्सर झाला तो दवाखान्याच्या बाकड्यावर बसल्या बसल्या, आणि तो मला बायकोनं दिला. म्हणजे मला काहीच झालं नव्हतं. आजारी ती होती. पण सांगताना तिनं माझं नाव सांगितलं आणि पुढचे काही महिने ते दुखणं माझ्याच नावावर राहिलं.

तिची एका बाजूची छाती बऱ्याच वर्षांपूर्वी काढली होती. आम्ही ते विसरलो होतो असं नाही, पण बोलत नव्हतो. मग एक दिवस अंघोळ करताना तिला जुन्या टाक्यांच्या वर हरभऱ्याएवढं काहीतरी लागलं. तपासण्या झाल्या. परत आलंय म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. औषधं पुन्हा सलाइनमधून द्यावी लागतील, दर तीन आठवड्यांनी. मी सिंचन खात्यात ओव्हरसियर होतो. कालवा फुटला की तिथं बोंबलायचं नसतं, कुठं फुटला आणि पाणी किती चाललंय एवढं विचारायचं असतं. मी डॉक्टरांना तसंच विचारलं. तिनं एकच विचारलं, केस परत जाणार का. जाणार होते.

घरी येताना रिक्षात तिनं मला अट घातली. मुलाला सांगायचं, तो पुण्याला असतो, तोंड बंद ठेवील. बाकी कुणालाही नाही. "मागच्या खेपेला लोकांनी मला जिवंतपणीच पोचवली," ती म्हणाली. "आता माझ्याकडं कुणी तसं बघायचं नाय. मला दुसरं काही नको."

तसं बघणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला जाणं हे लग्नाला जाण्याइतकंच सक्तीचं. नाही गेलं तर जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. मागच्या वेळी वैजापूर, वेरूळ, लासूर, जिथं जिथं आमची सोयरीक तिथून माणसं आली. हातात मोसंबीची पिशवी नाहीतर बिस्किटाचे पुडे. बसायची, तिच्याकडं टक लावून बघायची, मान हलवायची आणि कुणाच्या तरी मावशीला असंच झालं होतं ते सांगायची. ती मावशी शेवटी हटकून मरायची. बाया तर निघताना तिची ओटी भरून जायच्या, न जाणो परत भेट होते की नाही. मी एकदोघांवर खेकसलो होतो. त्याचा उपयोग एवढाच झाला की मी बायकोच्या दुखण्यानं चिडखोर झालो अशी बातमी पसरली. मी आधीपासूनच चिडखोर आहे.

तर पहिल्या सलाइनच्या दिवशी आम्ही बाकड्यावर बसलो होतो, फाइल माझ्या मांडीवर. समोरून तिच्या माहेरकडचा एक नातेवाईक आला, वैजापूरचा कांद्याचा व्यापारी. गावातल्या कुणाला तरी दाखवायला आला होता. कॅन्सरच्या दवाखान्यात आम्ही काय सिनेमा बघायला आलोय असं सांगता येईना. तो तिच्यापुढं उभा राहिला, चेहरा पाडला, आणि ते बघणं सुरू झालं. "परत का, अक्का?" त्यानं विचारलं.

"मी ठणठणीत हाय," ती म्हणाली. "यांना झालंय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. कशाचं, म्हणून विचारलं. पोटाचं, तिनं सांगितलं, आणि पदर डोळ्याला लावला. मी मान खाली घातली. त्याला ती आजाऱ्याची वाटली असणार.

आठवडा गेला नाही तोवर माणसं यायला लागली. माझ्यासाठी. पुढच्या खोलीतल्या दिवाणावर मला झोपवण्यात आलं, अंगावर चादर. लोक माझ्याकडं तसं बघायला लागले तेव्हा मला कळलं ती कशाला एवढी भीत होती. माणूस समोर असतो आणि त्याच्याबद्दल 'स्वभावानं कडक, पण मनानं चांगला' असं बोललं जातं. एक जण तर माझ्या देखत, मुलाला फोन करून जमिनीचं काय ठरलंय ते विचारावं का, असं कुजबुजला. मी खोकलो. पोटाच्या आजाराला खोकला कशाला, ते मलाही कळलं नाही.

शेजारच्या भाभी खुलताबादच्या दर्ग्यातून पाणी आणायच्या आणि उभं राहून मला पाजायच्या. मी अर्धं प्यायचो आणि उरलेलं रात्रीच्या गोळीसोबत घेतो म्हणून ठेवायचो. त्या गेल्या की ते तिला द्यायचो. पत्ता चुकायला नको.

पण एक गोष्ट आमच्या दोघांच्याही ध्यानात आली नव्हती. भेटायला आलेल्याला चहा लागतो, गावाहून आलेल्याला जेवण लागतं, आणि ते करते कोण? घरची बाई. ज्या बाईला सलाइन लागून दोन दिवस झालेत, जिचं तोंड आतून सोललंय, जिला फोडणीच्या वासानं ओकारी येते, ती ओट्यापाशी उभी राहून पोहे परतत होती, आणि मी, धडधाकट गडी, दिवाणावर लोळत मोसंबी खात होतो. एकदा मी उठून आधण ठेवायला गेलो. दोघातिघांनी मला दंडाला धरून परत आणून झोपवलं. "वहिनी, पेशंटला चहा करायला लावता व्हय?" असं तिलाच ऐकून घ्यावं लागलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. ती मोरीत जाऊन नळ सोडायची आणि ओकायची. बाहेर मी मोठमोठ्यानं कण्हायचो, आवाज झाकावा म्हणून.

केस गेले तेव्हा तिनं डोक्याला रुमाल बांधून वरून पदर घेतला, भुवया काजळाच्या पेन्सिलनं काढल्या. बायांनी ते बरोबर हेरलं आणि अर्थ लावला: नवऱ्यासाठी बालाजीला केस दिले बाईनं. दोघी जणी तिच्या पाया पडल्या. त्या गेल्यावर ती इतकी हसली की तिला धाप लागली. म्हणाली, सावित्रीला निदान डोक्यावर केस होते.

मी तिला म्हटलं, पुरे आता, सांगून टाकू. ती नाही म्हणाली. चहा करून मरत नाही मी, पण त्या बघण्यानं मरीन, म्हणाली. मी औषधांच्या वेळा बघायचो, रिपोर्ट लावून ठेवायचो, आणि लोक आले की झोपायचो.

मग लासूर स्टेशनहून माझी आत्या आली. माझी आई लवकर गेली, मला हिनंच वाढवलं. म्हातारी एकटी रेल्वेनं आली, कुणाला बरोबर घेतलं नाही. खुर्चीवर बसली नाही. दिवाणाच्या खाली बसली, माझे पाय ओढून मांडीवर घेतले आणि चोळायला लागली. तिनं कुणाची मावशी आणली नाही की मोसंबी आणली नाही.

"माझं आयुष्य तुला लागू दे म्हणले असते," ती म्हणाली, "पर ते उरलंय किती? तू भिऊ नको. भ्या वाटतं ते माहीतंय मला. एकजण जातं, तेचं सुटतं. मागं ऱ्हायलेल्यानं घरात कसं बसावं, हेच लई वाईट असतं."

तिला वाटत होतं मागं राहणारी माझी बायको. मला तर भीती वाटत होतीच, कितीतरी आठवड्यांपासून, आणि ती हीच होती. हे घर, ही भांडी, आणि ती नाही. डॉक्टरांपुढं मी डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं. आता मी पालथा झालो, उशीत तोंड खुपसलं आणि लहान पोरासारखा हंबरडा फोडला. थांबवायचा प्रयत्न केला, थांबेना. आत्या नुसती पाय चोळत राहिली.

बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. किती ऐकलं कोण जाणे. तिनं ट्रे खाली ठेवला, पदर मागं टाकला आणि डोक्याचा रुमाल सोडला.

"आत्या, त्यांना काय झालं नाय," ती म्हणाली. "आजारी मी हाय. मागचंच हाय, परत आलंय."

आत्यानं तिच्या डोक्याकडं बघितलं. मग माझ्याकडं वळली.

"मग हा कशाला झोपलाय?"

आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली, ट्रे उचलला आणि स्वयंपाकघरात गेली. मी उठायला लागलो तर बायकोनं मला सरका म्हटलं. मी भिंतीकडं सरकलो आणि ती माझ्याशेजारी आडवी झाली, घरात वडीलधारं माणूस असताना, भरदिवसा. लग्नाला इतकी वर्षं होऊन हे पहिल्यांदाच.

तिच्या अंगाला औषधाचा वास येत होता. मी म्हटलं, झालं, आता सगळ्यांना कळणार, तुला नको होतं तेच झालं. "मला नको होतं," ती म्हणाली. "तुम्हाला पाहिजे होतं, ते कळलं नाय मला."

आत्याच्या पोटात काही राहत नाही. दोन-चार दिवसांत माणसं परत यायला लागली, तीच माणसं, तशाच पिशव्या घेऊन. आता ती दिवाणावर असायची आणि मी ओट्यापाशी. लोक तिच्याकडं तसंच बघायचे. ती बघू द्यायची. चार शब्द बोलून झाले की म्हणायची, "आत जा. ते आत हायत. त्यांना भेटा."