धुकं निवळेपर्यंत

बाबा गेल्यानंतर मी पहिल्यांदाच गुडगावला गोल्फची स्पर्धा बघायला एकटी गेले. दरवर्षी आम्ही दोघं जायचो. यंदा पहिल्या फटक्यापर्यंत तरी थांबवेल का, हीच धास्ती होती. धुक्यामुळे खेळ खोळंबला होता. हिरवळ दवानं निथळत होती आणि प्रेक्षक दोरीलगत चहा पीत उभे होते.

दोरीच्या आत कानटोपी घातलेले एक वयस्क स्वयंसेवक होते. हातात ‘शांतता राखा’ अशी पाटी. समोर खेळाडू नव्हता, तरी ते मधूनच ती उंच धरून सराव करत. लोक गप्प झाले की म्हणत, “बोलिए जी, अभी छूट है.”

मला हुंदका आवरेना. ते जवळ आले.

“पापा के साथ आती थी,” मी कसंबसं म्हणाले.

त्यांनी घड्याळ पाहिलं. “बेटा, अभी पंद्रह मिनट हैं. आराम से रो लो. खेल शुरू हुआ तो मैं रोने नहीं दूँगा.”

मला इतकं हसू फुटलं की सगळे वळून बघू लागले.

ऊन आलं, पहिला फटका बसला. चेंडू कुठे पडला ते मला कधीच दिसत नाही; बाबा सांगायचे. मी त्या स्वयंसेवकांना विचारलं. त्यांनी हातातल्या पाटीनंच दाखवलं.