तिला सुतक नव्हतं
करपलेल्या पिठल्याचा वास आला की मला मंगळवार पेठेतली एक दुपार आठवते, सत्तरीच्या दशकातली. आमच्या समोरच्या दोन खोल्यांत दोन शिक्षिका सोळा वर्षं एकत्र राहत होत्या. गल्ली पाठीमागं त्यांना 'नवरा-बायको' म्हणून खिदळायची. मी नवी सून, पण हसायला लवकर शिकले होते. त्यातली थोरली काविळीनं गेली, तेव्हा इतक्या वर्षांत कधी उंबरा न चढलेला तिचा भाऊ कागलहून दहा-बारा माणसं घेऊन आला. पंचगंगेवरून सगळे ओल्या कपड्यांनी परतले. सुतक असलेल्यांनी चूल पेटवायची नाही, कडू घास बाहेरच्यांनीच करून घालायचा, म्हणून मी बेसनाचा डबा घेऊन त्यांच्याकडं करायला निघाले, तर भाऊ ओसरीवरनंच म्हणाला, "तुमी कशाला त्रास घेताय? ह्या बाई हायत की घरात. ह्यास्नी कुठलं आलंय सुतक?" धाकटी भिंतीला टेकून बसली होती. तिनं फक्त माझ्याकडं बघितलं. मी डबा तिच्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "व्हय की बाई, तुमास्नी काय न्हाय त्यातलं." ती उठली. तिनं स्टोव्हला पंप मारला. फोडणी जळली, पिठलं खाली लागलं, आणि पंगतीतनं कुणीतरी म्हणालं, "करपीवलं की हो बाई!" तिला जेवायला बस म्हणून कुणी म्हटलं नाही, मीही नाही. गेल्या साली आमचे हे गेले. शेजारणींनी मला चुलीकडं फिरकूसुद्धा दिलं नाही, पिठलं-भाकरीचं ताट आयतं पुढं आलं. पिठलं कुठंच करपलेलं नव्हतं.