इमान आलं का?

विश्रामबागच्या दवाखान्यात आमच्या हौसाचं शेवटचं बोलणं झालं ते विमानाचं. देवाचं नाही, पोरांचं नाही. डोळे मिटूनच म्हणाली, "आवं, इमान आलं का?" नर्स हसली. "आजी, विमान म्हणा, विमान." मी म्हणालो, "येतंय. तू गप पड." खाली जाऊन चहा घेऊन आलो, तर तोंडावर चादर ओढलेली... त्याला आता दीड महिना झाला. मी फार शिकलेला नाही, फौजेतला माणूस. जसं आठवतं तसं लिहितो.

लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत तिला सांगलीत सिनेमाला नेली. बाहेरच्या बोर्डावर बर्फाचा डोंगर रंगवलेला. हौसा म्हणाली, "कैलास हाय, शंकराचा सिनेमा." आत गेलो तर निघाला इंग्रजी, जुनाट, काळापांढरा. बर्फात अडकलेली माणसं आणि त्यांना हुडकणारं एक लहानसं विमान. भाषा दोघांनाही कळेना. अडकलेली एक बाई गळ्यातलं फडकं सोडून हलवत होती आणि विमान डोक्यावरून सरळ निघून चाललं. तशी हौसा उठून पडद्याकडं बघत ओरडली, "आरं ये, खाली बघ की! तांबडं फडकं दिसंना व्हय तुला?" सगळं थिएटर हसलं. मागून एकजण म्हणाला, "वहिनी, तेला मराठी येत न्हाई!" आणि गंमत अशी, की विमान वळलं. हौसानं मागं बघून विचारलं, "आलं का न्हाई?" घरी येताना मी म्हणालो, "येडे, सिनेमात रंगच नव्हता, तांबडं कुठनं दिसलं?" म्हणाली, "तांबडंच व्हतं. बर्फात दुसरं काय दिसनार?" मग जरा थांबून, "तुमी असताय तितं बी असाच बर्फ?" मी व्हय म्हणालो.

मी परत ड्यूटीवर गेलो तसं तिनं अंगणातल्या तारेला तांबडं फडकं बांधलं. वर घरघर झाली की हातातलं काम टाकून धावायची आणि फडकं हलवायची. "हितं न्हवं, तिकडं जा! आमचं मानूस तिकडं हाय!" बायका खिदळायच्या. एका थंडीत आमची चौकी बर्फाखाली गेली. हेलिकॉप्टर आलं, वरून निघून गेलं, आणि वळून परत आलं. डाव्या पायाची बोटं गेली, जीव राहिला. घरी आल्यावर पाय बघून ती रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "मीच धाडलं व्हतं." मी म्हणालो, "साहेबांनी वायरलेसवर बोलावलं." "आन् सायबास्नी कुनी सांगितलं?" पेन्शनीत आलो तरी फडकं निघालं नाही. विटलं की नवं बांधायची. "अगं, आता मी घरात आहे की." "दुसऱ्या कुनाचं तरी असंल की तिकडं."

दिवसकार्य झाल्यावर सुनेनं अंगण आवरलं, फडकं धुऊन घडी करून ठेवलं. मी तिच्यावर खेकसलो. पोरगी घाबरली. मग माझं मीच परत बांधलं, हौसासारखी गाठ काही बसली नाही. परवा सकाळी वर घरघर झाली. काठी टेकत बाहेर आलो, फडकं हातात धरलं. पण तिकडं जा म्हणायला तिकडं आता आमचं कोण आहे? नुसतंच हलवत राहिलो... विमान पार दिसेनासं झालं, तेव्हा तोंडातून आलं,

"हौसा, खाली बघ की गं. हितं हाय मी."