ओट्सचं दळण

डॉक्टरांनी गहू बंद केला तेव्हा मी चाळिशीत होते आणि तोवर रोज पोळीच खात आले होते. पोट सारखं बिघडायचं, अंगात रक्त नाही, केसांचे पुंजके हातात यायचे. तपासण्या झाल्या आणि निदान निघालं, ग्लुटेन चालत नाही. पोळी गेली, रवा गेला, मैदा गेला, शेवया गेल्या. डबीतल्या हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ असू शकतं हे तेव्हा कळलं. असा राग आला की काय सांगू! कोणावर काढायचा, ते मात्र ठरेना.

घरात आम्ही दोघंच, मी आणि वडील. आई गेल्यावर स्वयंपाकघर त्यांनी ताब्यात घेतलं होतं. सातपूरच्या कारखान्यात लेथ मशीनवर उभा जन्म काढलेला माणूस. माझं पथ्य त्यांनी कामासारखंच अंगावर घेतलं. नवा तवा आला, नवी परात आली, माझ्या डब्यांना लाल चिकटपट्ट्या लागल्या. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना त्यांनी इतक्यांदा बजावलं की त्या म्हणाल्या, "काका, आता झोपेत पण लाल पट्टी दिसते मला."

भाकरी-भातावर माझं भागत होतं, पण चहाबरोबर काहीतरी लागतंच, सवयच तशी. डॉक्टर म्हणाले, ओट्स खाऊन बघा, पण पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहिलेलेच घ्या, साध्या ओट्समध्ये गहू मिसळलेला असतो. वडिलांनी कॉलेज रोडच्या एका दुकानातून तसं पाकीट शोधून आणलं, भिंग लावून वाचलं आणि लाडू केले. तूप, गूळ, दाण्याचं कूट, वेलची. पहिला लाडू खाल्ला आणि मला चक्क रडू आलं. म्हटलं, "बाबा, आईचे पण असे होत नव्हते." हे साफ खोटं होतं. त्यांना आवडलं.

मग काय, ओट्सचे लाडू, ओट्सचं थालीपीठ, ओट्सची खारी शंकरपाळी. मिक्सरमधलं पीठ रवाळ राहतं म्हणून ते ओट्स भाजून गिरणीत न्यायला लागले. वाटेत कोणी विचारलं, की पिशवी उचलून दाखवायचे. "लेकीचं दळण."

तब्येत मात्र सुधारेना. सुरुवातीला जरा बरं वाटलं होतं, तेही गेलं. डॉक्टरांनी नवा रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, "कुठून तरी गहू पोटात जातोय. असंच चाललं तर हाडं ठिसूळ होतील." मी शपथेवर सांगितलं की मी काही खात नाही. वडील शेजारीच बसले होते. घरी आल्यावर म्हणाले, "ऑफिसात वाढदिवस होतात. केक खात असशील."

"नाही खात."

"मिसळीबरोबर पाव?"

"बाबा, मी काय लहान आहे का चोरून खायला?"

"मग मी इथं मरमर करतोय ती कशासाठी?"

आठ दिवस आमचं धड बोलणं नव्हतं. डब्यात दोन लाडू मात्र रोज यायचे आणि मी ते रागारागाने खायचे.

त्यातच त्यांचा गुडघा सुजला आणि दळण न्यायची पाळी माझ्यावर आली. गिरणीवाल्याने पिशवी ओळखली. "काकांचं ना? थांबा पाच मिनिटं. हा गहू संपला की लगेच त्यावर टाकतो."

"गव्हावर का?"

"काकांनीच सांगितलंय. बाजरीवर नको, कडवट लागतं. हरभऱ्यावर नको, वास येतो. गव्हावरच. उभे राहून बघतात ना ते."

मी तिथेच बाकावर बसले. चक्कीत आधीच्या दळणाचं पीठ थोडंफार राहतंच आणि ते पुढच्याच्या दळणात येतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. म्हणून तर गिरणीत गेलं की पहिला प्रश्न, आधी काय दळलंय? आई हेच विचारायची, मीही विचारलंय. बाजरीवर गहू कोणी दळत नाही, पण गव्हावर काहीही चालतं. गहू तो, त्यात वाईट काय असणार? वडिलांच्या जागी मी असते तर मीही हेच सांगितलं असतं.

दळण तसंच परत आणलं. खरं सांगते, वाटेत मला आनंद झाला होता. मी खोटी नव्हते. घरात शिरल्या शिरल्या सगळं एका दमात सांगून टाकलं. वडील गुडघ्याला शेक घेत बसले होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हणजे लाडवांतून? मीच?"

"हो. तुम्हीच."

कोणाच्या लक्षात येणार होतं, असं म्हणता आलं असतं. पण तसं म्हटलं नाही. आठ दिवसांचा राग होता, तो त्या एका शब्दात घातला. त्यांनी शेकाची पिशवी बाजूला ठेवली आणि विचारलं, "एकूण किती खाल्ले असशील?"

आता ओट्स घरीच मिक्सरमध्ये दळतो आणि चाळून घेतो. पुढचा रिपोर्ट चांगला आला, केसही परत आले. त्या 'तुम्हीच'बद्दल मी माफी मागितली तेव्हा वडील म्हणाले, "त्यात काय, खरंच होतं ते." लाडू अजून तेच करतात. चहाबरोबर ताटलीत दोन ठेवतात आणि मी पहिला संपवला की विचारतात, "पोट कसंय?"

"छान आहे, बाबा."

खरंच छान असतं. ते मान हलवतात आणि दुसरा लाडू उचलून परत डब्यात ठेवतात.