आशाबाईच्या व्हॅनची पेटी

गाडी घेऊन येणाऱ्यावर मी पहिल्याच भेटीत ओरडतो, ही माझी ख्याती मुकुंदवाडीपासून चिकलठाण्यापर्यंत पसरलेली आहे. गाडीची हेळसांड मला बघवत नाही. आशाबाई आपली जुनी व्हॅन घेऊन पहिल्यांदा गॅरेजवर आली तेव्हा तिलाही बोलणी बसली. तिने ती उभ्या उभ्या ऐकून घेतली, पदर खोचला आणि म्हणाली, "झालं का मिस्तरी? आता गाडी बघा." त्या दिवसापासून मी तिला मानतो.

आशाबाई करमाडच्या अलीकडच्या मेंढपाळांच्या वस्तीतली. दुष्काळाची लागोपाठची वर्षं होती ती. पाऊस पाठ फिरवून बसलेला आणि शहर मात्र जालना रस्त्याने वाढत सुटलेलं. जिथे तिची मेंढरं चरायची तिथे चुना मारलेले दगड रोवून प्लॉट पडले. नवरा सांडू कळप घेऊन गोदावरीच्या अंगाला निघून गेला, तो चारा मिळेल तिथे फिरत होता. आशाबाईचा भाऊ फर्दापूरला पर्यटकांची गाडी चालवायचा. त्याने मोठी गाडी घेतल्यावर ही जुनी व्हॅन बहिणीला दिली आणि चालवायलाही त्यानेच शिकवलं.

शेंद्र्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला बाया हव्या होत्या. वस्तीतल्या लेकीसुना एका पायावर तयार होत्या, पण परक्या ड्रायव्हरच्या गाडीत त्यांना बसवायला घरचे पुरुष राजी नव्हते. आशाबाई म्हणाली, गाडी मी चालवते. तेव्हा तिचे सासरे पुंजाराम यांनी दुसरी अडचण काढली. वस्तीत त्यांचा शब्द चालायचा. बाया कंपनीत गेल्या तर विहिरीवरून पाणी कोण आणणार, असा त्यांचा सवाल होता. पाणी आणणं हे पुरुषाचं काम नव्हे, हे तिथे कुणाला सांगावंही लागत नव्हतं. आशाबाईने तेही अंगावर घेतलं. रोज येताना शेंद्र्याच्या बोअरवरून व्हॅनमध्ये कॅन भरून पाणी आणायचं, एवढ्या अटीवर आठ-नऊ बाया उंबऱ्याबाहेर पडल्या.

दोन उन्हाळे हे चाललं. सकाळी गाडीत बाया आणि डबे, संध्याकाळी बाया, डबे आणि मांडीला मांडी लावून बसवलेले पाण्याचे कॅन. मला हे ठाऊक नव्हतं, नाहीतर मी आधीच आकाशपाताळ एक केलं असतं. मला फक्त दिसत होतं की गाडी मध्येच बंद पडते. कधी वस्तीच्या वाटेवर, कधी ऐन जालना रस्त्यावर. थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू. मी सेन्सर बदलला, वायरी तपासल्या, अर्थिंग घासून साफ केलं. गाडी चार दिवस शहाण्यासारखी वागायची आणि पाचव्या दिवशी आशाबाईचा फोन यायचा. कारखान्याच्या ठेकेदाराने तिला सांगून टाकलं होतं की आता एकदा जरी बायांना उशीर झाला तरी त्यांच्या जागी शहरातल्या बाया घेणार.

शेवटी एक दिवस गाडी दुसऱ्या गाडीला बांधून, टोचन करूनच आणावी लागली. स्कॅनर लावला तर तो मुका. इंजिनाचं सगळं डोकं ज्या पेटीत असतं, तीच बोलेना. ही पेटी या व्हॅनमध्ये ड्रायव्हरच्या सीटमागे, अगदी तळाला आहे. सीट पुढे सरकवली तर पेटीला चिकटून घडी केलेलं ओलं गोणपाट.

"हे काय आहे?" मी विचारलं. आवाज अर्थातच चढलेला होता.

"गोणपाट हाये," ती म्हणाली. "ब्रेक मारला की कॅनमधलं पानी हिंदकळतं न् पुढं येतं. ते वाया जातं ना मिस्तरी. गोणपाट पिऊन घेतं. घरी गेल्यावर घमेल्यात पिळते. शेरडाला तेवढंच व्हतं."

मी पेटी उघडली. आतल्या पट्टीवर बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार बसला होता, तापवायच्या पातेल्याच्या बुडाला बसतो तसा. तांब्याच्या रेघा हिरव्या पडून तुटल्या होत्या. त्या वर्षी अख्ख्या जिल्ह्यात सगळं पाण्यावाचून मरत होतं आणि ही गाडी पाण्याने मेली होती. मला हसूही येईना आणि ओरडवेना. थेंब वाया जाऊ नये म्हणून धडपडणाऱ्या बाईला कोणत्या तोंडाने बोलणार?

एवढ्या जुन्या मॉडेलची नवी पेटी कंपनीकडे मिळत नव्हती. सिल्लोडच्या गफूरभाई भंगारवाल्याकडे अशीच एक ठोकलेली व्हॅन पडून होती. मी आशाबाईला बजावलं की पेटीवरचा नंबर जुळवून घ्या, आणि त्या गाडीची मूळ चावी आणि चावीच्या खाचेभोवती बसवलेली वायरची रिंगही आणा. ही पेटी फक्त आपली चावी ओळखते, दुसऱ्या चावीने इंजिन चालू होऊ देत नाही. ती एसटीने गेली. दुपारी गफूरभाईचा फोन आला. "अरे मिस्तरी, ये कैसी बाई भेजे तुम? मैं बोला चाबी गुम हो गयी, सिरफ डिब्बा ले जाओ, तो दुकान में बैठ गयी. गिऱ्हाईक आ रे, जा रे, ये उठतीच नै."

"मग द्या ना शोधून," मी म्हणालो.

"अब्बी मेरे साथ बैठ के नटबोल्ट के डब्बे उलटे कर री," तो म्हणाला. त्याच्या आवाजात वैताग होता आणि थोडं कौतुकही. तिन्हीसांजेला ती परत आली तेव्हा पेटी, चावी आणि रिंग असं सगळं तिच्या ओच्यात बांधलेलं होतं.

पेटी बसवली, चावी फिरवली आणि इंजिन एका दमात चालू झालं. मी काट्याकडे बघत राहिलो. इंजिन संथ, स्वच्छ चालत होतं. मग मला जे बोलायचं होतं ते बोललो. "आशाबाई, आता या गाडीत पाणी भरायचं नाय. पेटी वर उचलावी तर वायर पुरत नाय, न् खालचा पत्रा गंजून चाळणी झालाय. ही पेटी गेली तर तिसरी मला मिळायची नाय."

"पानी बंद केलं तर बाया बंद व्हतील," ती म्हणाली.

"मी येऊन तुमच्या सासऱ्याला सांगतो."

"तुमी नका सांगू. तुमी वराडताल. मी बोलते."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तिच्या वस्तीवर गेलो. भरल्या गाडीत पेटी कशी चालते ते बघायचं, असं निमित्त मी सांगितलं होतं. खरं म्हणजे मला राहवलं नव्हतं. गाडीत तिच्या शेजारी बसल्यावर कळलं की आदल्या रात्री ती पुंजारामांशी बोलली होती. पांढरी पडलेली जुनी पेटी त्यांच्यापुढे ठेवून म्हणाली होती, "मामा, ह्या गाडीत एकतर पानी येईल नाय तर बाया जातील." पुंजाराम तसेच उठून गेले होते. त्यांचं उत्तर काय, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

तिने हॉर्न दिला. कुणी आलं नाही. दारं लोटलेलीच. तिने दुसऱ्यांदा हॉर्न दिला नाही, इंजिनही बंद केलं नाही. दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून समोर बघत बसली. या बाईला घाबरलेलं मी तोवर बघितलं नव्हतं.

मग ज्ञानेश्वरी नावाची एक सून डबा घेऊन बाहेर आली. घराच्या कोपऱ्याकडे मागे वळून बघत बघत ती गाडीत बसली. तिच्यामागे सखूबाई, मग आणखी दोघी, मग उरलेल्या. सगळ्या एकाच दिशेला बघत होत्या. मीही तिकडे बघितलं.

घरामागून पुंजाराम आले. हातात तट्टूचा लगाम होता. बिऱ्हाड लादायचं ते तट्टू, कळप हलवताना चालणारं, सांडूने घरी ठेवलेलं. त्याच्या दोन्ही अंगांना रिकामे कॅन बांधले होते. डोक्याला पागोटं नीट बांधून, एखाद्या कार्याला निघाल्यासारखा तो म्हातारा विहिरीच्या वाटेला लागला होता.

गाडीलाही तीच वाट, आणि ती अरुंद, एका गाडीपुरतीच. आशाबाईने डोक्यावर पदर ओढला आणि गाडी न हलवता थांबली, सासऱ्याला मागून हॉर्न कसा द्यायचा? पुंजाराम चार पावलं गेले, थांबले. मग त्यांनी तट्टू बाभळीत ओढलं, स्वतःही काट्यात उभे राहिले आणि सुनेला वाट करून दिली.

"बघत काय बसलीस," ते म्हणाले. "कंपनीचं फाटक लागंल."