काकूंच्या डब्यांची मी केलेली सेवा

बसा, चहा घ्या, आणि हसणार नाही असं आधी कबूल करा. लॉकडाऊनमध्ये परदेशातल्या आमच्या वेरिबी उपनगरात एक काकू रोजच्या डब्यांवर आपलं दुकान कसंबसं तगवून होत्या. ते मी एका दुपारीत जवळजवळ बुडवलं. तेही समाजसेवा म्हणून.

तेव्हा माझी युनिव्हर्सिटी ऑनलाइन होती आणि डोक्यात क्रांती. धंदा म्हणजे पिळवणूक, हे मी घरी जेवताना रोज ऐकवायचे. अशात एका संस्थेचा मेसेज आला: अडकलेल्या विद्यार्थ्यांना मोफत जेवण पोचवायचंय, व्हॉलंटियर हवेत, मार्केटच्या मागच्या गल्लीत या.

गेले. एक दार उघडं, आत फोडणीचा वास, मास्क लावलेल्या एक काकू.

"आलीस? किती उशीर. हात धू आणि पोळ्या भर."

आता सांगा, मोठ्या बाईंनी हात धू म्हटल्यावर आपल्यापैकी कोण विचारतं, तुम्ही कोण म्हणून? मी पोळ्या भरल्या, डबे गाडीत टाकले, काकूंनी दिलेली पत्त्यांची यादी घेतली, निघाले.

पहिल्याच दारात एक काका. "नेहमीसारखे ट्रान्सफर करतो हं."

"काका, सेवेला किंमत नसते."

"म्हणजे, पैसे नकोत?"

"ही काय दुकानदारी आहे?"

काकांनी डबा पटकन आत ठेवला. मग म्हणाले, "उद्या आमचे दोन डबे वाढव."

प्रत्येक दारात मी हेच भाषण केलं. एवढे खूश विद्यार्थी, आणि बहुतेकांना टक्कल, हे मला खटकायला हवं होतं. नाही खटकलं.

परतले तर काकू फोनकडे बघत होत्या. "आज कुणीच कसे पैसे पाठवले नाहीत गं?"

"मीच नको म्हटलं. आपण नॉन-प्रॉफिट ना?"

काकू स्टुलावर बसल्या. "ती संस्था शेजारच्या दारात. मी टॅक्स भरणारी बाई आहे. तू माझी नवीन ड्रायव्हर ना?"

पुन्हा सगळी दारं फिरले. पहिले काका म्हणाले, "अगं, तू तर मला लाजवून गेलीस. मी आत्ताच बायकोला सांगत होतो, अशी मुलं हवीत." पैसे दिले, पण डबे वाढवायचे रद्द केले.

मी काकूंसमोर मान खाली घालून उभी राहिले. "काकू, भरपाई म्हणून महिनाभर फुकट काम करते."

"वेडी की काय? संस्थेत चालतं ते. धंद्यात कुणाला फुकट राबवलं तर मला दंड होईल. करायचं तर पगार घेऊन कर. आजचासुद्धा घ्यायचा."

तर मंडळी, माझ्या आयुष्यातली पहिली कमाई म्हणजे एक दुकान बुडवायला निघाल्याचा पगार. पुढे सहा महिने तिथेच नोकरी केली. घरी मात्र सांगायचे, व्हॉलंटियरिंगला जाते.